पुढचं गाणं कुणाचं?

गणपतीच्या दिवसांत बेळगावात अनगोळ, वडगाव, शहापूर अशा कुठल्याही भागातल्या मांडवात जा, साउंडच्या टेबलावर एक लॅपटॉप असतो आणि त्याच्याभोवती फर्माईश करणारे. कुणी म्हणतं, "आता अभंग लाव की रे," तर शेजारचे अण्णा कन्नडमध्ये म्हणतात, "नम्म हाड हाक्री," म्हणजे आमचं गाणं लावा. टेबलाशी बसलेला पोरगा नव्या गाण्यावर क्लिक करतो आणि चालू अभंग अंतऱ्यातच तुटतो. 'हे वाजव' एवढंच प्लेअरला कळत असेल, तर असंच होणार. 'हे संपलं की ते वाजव' कळण्यासाठी त्याच्यात गाण्यांची रांग बसवावी लागते.

ही रांग प्लेलिस्टपासून वेगळी हवी. प्लेलिस्ट मंडळाने निवडून जतन केलेली असते, ती उद्याही तशीच लागते. रांग त्या संध्याकाळपुरती असते आणि वाजलेलं गाणं तिच्यातून निघून जातं. फर्माइशी संपल्या की प्लेअरने प्लेलिस्ट जिथे सोडली होती तिथूनच पुढे सुरू करायला हवं, म्हणून ती जागाही वेगळी नोंदवून ठेवावी लागते.

'रांगेत शेवटी टाक' हा आदेश सरळ आहे: आधी येईल तो आधी वाजेल. खरा पेच 'लगेच पुढे लाव' या बटणात आहे. समजा, अभंग चालू असताना एकाने भारूड पुढे लावलं, दुसऱ्याने भावगीत आणि तिसऱ्याने वचन, म्हणजे कन्नड भक्तिपद. प्रत्येक गाणं चालू गाण्याच्या लगेच मागे घुसवलं, तर क्रम होतो वचन, भावगीत, भारूड. सगळ्यात आधी विचारणारा सगळ्यात मागे! शेवटी आलेला आधी, या रचनेला संगणकशास्त्रात स्टॅक म्हणतात. म्हणजे बटण रांगेचं आणि वागणूक स्टॅकची. उपाय छोटा आहे: अशा तातडीच्या गाण्यांतलं शेवटचं कुठे आहे याची खूण ठेवायची आणि नवं गाणं तिच्यामागे जोडायचं. घरी एकटा ऐकणाऱ्याला कदाचित पहिला प्रकारही चालेल. चारचौघांच्या मांडवात मला दुसराच न्याय्य वाटतो.

आरतीसारखं गाणं रांगेत दोनदा येऊ शकतं. नोंद फक्त फाइलच्या नावाने ओळखली, तर एक काढताना दोन्ही जातील. म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक द्यायचा.

या नोंदी साठवायची एक जुनी पद्धत म्हणजे लिंक्ड लिस्ट. अ‍ॅलन नेवेल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी ती १९५५-५६ च्या सुमारास वापरात आणली. रेल्वेच्या डब्यांसारखी प्रत्येक नोंद पुढच्या नोंदीला जोडलेली असते. मध्ये नवा डबा घालायचा तर दोनच जोड बदलतात, बाकी गाडी जागची हलत नाही. शे-दोनशे गाण्यांना साधी यादीही पुरते, वेगातला फरक कुणाला जाणवणार नाही.

पण दोन गाण्यांमधली शांतता मात्र जाणवते. एमपी३ फाइल तुकड्यातुकड्यांची असते. नेहमीच्या सीडी दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे त्या त्या क्षणाच्या आवाजाची मोजमापं, असतात आणि एका तुकड्यात १,१५२, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंद. गाणं तुकड्याच्या अधेमधे संपलं की उरलेली जागा शांततेने भरली जाते. सुरुवातीलाही थोडी भर पडते. ती कापायची आणि पुढचं गाणं आधीच उलगडून तयार ठेवायचं, तरच सांधा ऐकू येत नाही. इथे रांग आडवी येते. गाणं संपायला तीन सेकंद असताना कुणी क्रम बदलला, तर तयार ठेवलेला आवाज टाकून नवा तयार करावा लागतो. हे विसरलं की पडद्यावर एक नाव दिसतं आणि स्पीकरवर वेगळंच वाजतं.

आवाजाच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो. उरलेल्या गाण्यांच्या वेळेची बेरीज करून रांग किती वाजता संपेल ते दाखवलं, तर पोराला शेवटची आरती वेळेत घेता येईल. ही सोय मला फार मोलाची वाटते.

आणि वीज. रांग फक्त मेमरीत असेल, तर लॅपटॉप बंद पडताच सगळ्या फर्माइशी गेल्या. म्हणून प्रत्येक बदलानंतर ती डिस्कवर लिहायची. तीही थेट जुन्या फाइलवर नाही, कारण लिहिता लिहिताच वीज गेली तर जुनी आणि नवी दोन्ही हातची जातात. आधी वेगळ्या फाइलमध्ये पूर्ण लिहायचं आणि मग तिला जुन्या फाइलचं नाव द्यायचं.