पिवळी रेघ आणि पिवळे-काळे पट्टे

कारखान्याच्या किंवा गोदामाच्या जमिनीवर दोन खुणा हमखास दिसतात: सलग पिवळी रेघ आणि तिरके पिवळे-काळे पट्टे. दोन्हींत पिवळा रंग असल्यामुळे दोन्हींचा अर्थ 'जपून' असाच धरला जातो आणि हाताशी येईल तो टेप चिकटवला जातो. कामं मात्र त्यांची अगदी वेगळी आहेत.

सलग रेघ हद्द आखते. गँगवे, म्हणजे ये-जा करायची वाट, इथपर्यंत, माणसं इकडून, माल उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी तिकडून, माल रचायच्या पॅलेट या रेघेच्या आत. ती पिवळीच हवी असंही नाही. युरोपीय समुदायाच्या १९९२च्या निर्देशात वाहतुकीच्या मार्गाला शक्यतो पांढरी किंवा पिवळी सलग रेघ सांगितली आहे, जमिनीच्या रंगावर उठून दिसेल अशी. अमेरिकेच्या 'ओशा' या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने १९७२च्या खुलाशात तर कोणताही रंग चालवून घेतला. मार्ग स्पष्ट कळला पाहिजे आणि रेघ किमान २ इंच रुंद हवी.

पट्टे सांगतात की धोका नेमका इथे आहे. खड्ड्याची कड, डोक्याला लागेल असा बीम, अचानक येणारी पायरी, फोर्कलिफ्टच्या वळणावरचा खांब. त्याच युरोपीय निर्देशात अशा जागांसाठी पिवळे-काळे किंवा लाल-पांढरे पट्टे आहेत, साधारण ४५ अंशांत तिरके आणि सारख्या रुंदीचे. बीम डोक्याशी असेल तर पट्टे बीमवरच हवेत. नुसते खाली जमिनीवर मारून उपयोग नाही.

ठळक दिसतात म्हणून सगळा गँगवे पट्ट्यांनी आखलेला पाहिला की मला काळजी वाटते. दिवसभर पायाखाली तेच पट्टे असतील, तर खड्ड्याच्या कडेचे पट्टे वेगळे कसे जाणवणार? नजर सरावते आणि ते दिसेनासे होतात. उलटी चूक याहून घातक. लोडिंग डॉकच्या, म्हणजे ट्रकमध्ये माल चढवायच्या उंच ओट्याच्या, कडेला साधी सलग रेघ मारली, तर नवा माणूस तिला वाटेची बाजू समजून तिच्या अगदी लगत चालेल, आणि पलीकडे थेट खाली पडायचीच जागा असते.

इलेक्ट्रिक पॅनेलसमोरची मोकळी जागा कोणत्या खुणेने दाखवायची, यावर ठिकठिकाणी वेगळी पद्धत दिसते. निवड कोणतीही करा, पण सगळ्या विभागांत एकच ठेवा. जिथे माणसं आणि फोर्कलिफ्ट एकमेकांना खेटून जातात, तिथे मात्र यातलं काहीच पुरत नाही. मध्ये लोखंडी रेलिंगच हवं.