‘ओटीए’ हा सेगमेंट नव्हे: गेस्टच्या वर्गवारीची पार्श्वभूमी

लॉजच्या रजिस्टरात ‘येण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. कामानिमित्त, देवदर्शन, लग्न, वेरूळ-अजिंठा, असं काहीतरी त्यात लिहिलं जायचं. रकाना पोलिसांसाठी होता. महिन्याच्या हिशेबात तो कधी आला नाही.

हॉटेलांच्या हिशेबाची एकसारखी पद्धत १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलवाल्यांनी बसवली. १९८० च्या दशकात विमान कंपन्यांकडून अंदाज बांधून दर ठरवण्याची रीत हॉटेलांत आली, आणि खोली कुणी घेतली याला किंमत आली. या पद्धतीच्या, २०१५ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत खोल्यांचं उत्पन्न ट्रान्झियंट (सुटे गेस्ट), ग्रुप आणि कॉन्ट्रॅक्ट (दीर्घ कराराने घेतलेल्या खोल्या) असं विभागून दाखवलेलं आहे. ट्रान्झियंटमध्ये पुन्हा रिटेल (जाहीर दर), डिस्काउंट (सवलतीचा दर), निगोशिएटेड (कंपनीशी ठरलेला दर) असे दरांवरून पोटभाग. ग्रुप म्हणजे साधारण दहा किंवा जास्त खोल्या. हा आकडा मोठ्या हॉटेलांचा आहे. नांदेडला पंजाबातून आलेला जथा चाळीस खोल्यांच्या हॉटेलात आठ खोल्या घेतो, बिल एकजण देतो, सगळे एकाच सकाळी निघतात. त्याला ग्रुपच म्हणायला हवं. अशा हॉटेलाने मर्यादा पाचवर आणून ती लिहून ठेवावी.

खरा घोळ ‘ओटीए’ (ऑनलाइन ट्रॅव्हल एजन्सी, म्हणजे खोल्या बुक करायची अॅप आणि वेबसाइट) या शब्दाचा. ऑनलाइन बुकिंग वाढलं तसा अनेक सॉफ्टवेअरमध्ये हा कोड सेगमेंटच्या, म्हणजे गेस्टच्या वर्गांच्या, यादीत जाऊन बसला. वास्तविक ओटीए हा चॅनल आहे: गेस्ट कुठल्या दाराने आला एवढंच तो सांगतो. सेगमेंटने सांगायचं, गेस्ट कुठल्या दराने आला. तो कशासाठी आला, हे तिसरं उत्तर. ही उत्तरं एका रकान्यात कोंबली की अंदाज हमखास चुकतो.

छत्रपती संभाजीनगरात हे लगेच दिसतं. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. पर्यटक हे दोन दिवस टाळून गुरुवार ते रविवार धरतो आणि बरंच आधी बुक करतो. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला इंजिनीअर सोमवार ते गुरुवार राहतो आणि एक-दोन दिवस आधी, पुष्कळदा त्याच अॅपवरून, खोली घेतो. दोघांना ‘ओटीए’त टाकलं तर आठवडाभर सपाट रेघ दिसते. मंगळवारसाठी सात दिवस आधी बुकिंग कमी दिसलं की मॅनेजर घाबरून दर पाडतो. इंजिनीअर तर येणारच होता, तो आता स्वस्तात येतो.

ओळखायचं कसं? २०१७ ला जीएसटी आल्यापासून एक सोपी खूण मिळाली आहे. चेक-इनलाच विचारायचं, ‘बिलावर कंपनीचा नंबर टाकायचा का?’ हो म्हणाला तर कामानिमित्त. त्याचं चॅनल ओटीए, सेगमेंट रिटेल किंवा डिस्काउंट, आणि प्रवासाचं कारण तिसऱ्या रकान्यात. कंपनीशी करार नसताना त्याला ‘कॉर्पोरेट’ लिहू नये, नाहीतर पुढच्या कराराच्या वाटाघाटीत फुगलेला आकडा समोर येतो. दराचंही तेच. ३,००० च्या खोलीवर २० टक्के कमिशन गेलं तर हाती २,४००. एका महिन्यात पूर्ण आणि दुसऱ्या महिन्यात निव्वळ रक्कम लिहिली की सरासरी दर खोटा पडतो.

२०२० च्या टाळेबंदीनंतर मागच्या वर्षाशी तुलना निरुपयोगी झाली, तेव्हा अनेकांनी कोड नव्याने बांधायला घेतले. पण वर्षाच्या मध्येच कोड बदलले आणि मागचे बारा महिने त्यांत बसवले नाहीत, तर वाढ-घट दोन्ही दिसेनाशी होतात. कोड आठ-दहाच ठेवावेत. पंचवीस ठेवले की रात्री अकराला आलेल्या गेस्टसाठी काउंटरवरचा मुलगा यादीतला पहिलाच कोड दाबतो. म्हणून यादीच्या सुरुवातीला ‘निवडा’ अशी रिकामी ओळ ठेवावी आणि ती तशीच राहिली तर नाइट ऑडिट (रात्री दिवसाचा हिशेब बंद करण्याचं काम) पुढे सरकू नये, अशी सेटिंग करून घ्यावी.