एसीएल ग्राफ्टचं भरून येणं (लिगामेंटायझेशन)

एसीएल (गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध) पूर्ण तुटला की बऱ्याचदा पेशंटच्याच हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागचे स्नायू), वाटीखालच्या पटेलर टेंडनचा नाहीतर क्वाड्रिसेप्सचा (मांडीपुढचा स्नायू) टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा पट्टा काढून मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडून तिथे बसवतात, हाच ग्राफ्ट. तो हळूहळू लिगामेंटसारखा होत जातो त्याला लिगामेंटायझेशन म्हणतात, हे नाव अमिएल आणि सहकाऱ्यांच्या १९८६च्या सशांवरच्या अभ्यासापासून रुळलं.

बोगद्यात काय होतं ते वेगळं. ग्राफ्टच्या टोकाला हाडाचा तुकडा असेल तर तो फ्रॅक्चर जुळतं तसा साधारण ६ ते ८ आठवड्यांत जुळतो, नुसता टेंडन असेल तर ८ ते १२ आठवडे धरतात. तोपर्यंत सगळा भार ग्राफ्ट हाडाला धरून ठेवणाऱ्या स्क्रू किंवा बटणावर.

सांध्याच्या आतला भाग जास्त गुंतागुंतीचा आणि वादही तिथलाच. ग्राफ्ट काढला की रक्तपुरवठा तुटतो, आतल्या पेशी मरतात पण कोलॅजनचा (तंतू बनवणाऱ्या प्रथिनाचा) सांगाडा राहतो, सुरुवातीला पोषण सायनोव्हियल द्रवातून (सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून) मिळतं, मग आजूबाजूच्या सायनोव्हियममधून (सांध्याच्या आतल्या अस्तरातून) नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी आत शिरतात, जुनं कोलॅजन मोडून नवं घालतात आणि या मोडतोडीत ग्राफ्ट कमजोर होतो. प्राण्यांमध्ये हा सर्वात कच्चा काळ शस्त्रक्रियेनंतर साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या सुमारास दिसतो. माणसातही असंच होतं का? बायोप्सींमध्ये (ग्राफ्टचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत) माणसाचा ग्राफ्ट प्राण्यांइतका पूर्ण मेलेला दिसत नाही आणि बदलही खूप संथ, वर्ष-दोन वर्षं चालणारे. या बायोप्सी बहुतेक वरवरच्या थरातून घेतलेल्या असतात हे खरं, तरी प्राण्यांचे आठवडे जसेच्या तसे माणसाला लावू नयेत हेच मत जास्त पटतं. दात्याकडून घेतलेला ॲलोग्राफ्ट आणखी उशिरा मुरतो.

मुरल्यावरही तो मूळ एसीएल होत नाही, टेंडनचे जाड तंतू जाऊन बारीक तंतूच जास्त उरतात.

खरा धोका असा की दोन-तीन महिन्यांत सूज उतरते, दुखणं थांबतं, चाल सरळ होते आणि ग्राफ्ट मात्र अजून कच्चाच असतो, म्हणून पिव्हटिंगच्या (पाय रोवून झटकन वळायच्या) खेळात ९ महिन्यांआधी उतरू नये असं आता सांगतात. नॉर्वेत ग्रिंडेम आणि सहकाऱ्यांच्या २०१६च्या अभ्यासात ९ महिन्यांपर्यंत पुढे ढकललेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण साधारण निम्म्याने कमी दिसलं. नुसते महिने मोजून भागत नाही, क्वाड्रिसेप्सची ताकदही दुसऱ्या पायाच्या जवळपास यावी लागते.

हॅमस्ट्रिंग काढलेल्या जागी सेमिटेंडिनोससचा (हॅमस्ट्रिंगमधल्या एका स्नायूचा) टेंडन पुष्कळदा पुन्हा उगवतो, ताकद मात्र सगळ्यांची पूर्ण परत येत नाही.