त्रिकोणातला आकडा आणि ग्लास-काट्याचे चिन्ह

प्लास्टिकच्या डब्याच्या किंवा कॅनच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात एक ते सात यांपैकी एखादा आकडा उमटवलेला असतो, आणि काही डब्यांवर त्याच्याजवळच ग्लास व काटा-चमच्याचे चित्रही असते. आठवडी बाजारात डबा उलटा करून आकडा पाहणारे गिऱ्हाईक आता खेड्यातही दिसते, हे चांगलेच आहे; मात्र ‘दोन नंबर आहे, म्हणजे खायच्या वस्तूला चालतो’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

त्रिकोणातला आकडा १९८८ साली अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाने पुनर्वापरासाठी प्लास्टिकची छाननी सोपी व्हावी म्हणून सुरू केला. आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो: १ म्हणजे पीईटी (पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक), २ म्हणजे एचडीपीई (कॅनचे जाड, टणक प्लास्टिक), ३ म्हणजे पीव्हीसी (पाइपाचे प्लास्टिक), ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन (डब्यांचे प्लास्टिक). ७ मध्ये पॉलिकार्बोनेटसह (एक कडक, पारदर्शक प्लास्टिक) १ ते ६ मध्ये न बसणारे सगळे येते. म्हणजे हा आकडा मुळात भंगार वेगळे करणाऱ्याच्या कामाचा. त्या प्लास्टिकमध्ये कोणता रंग मिसळला, कोणती रसायने घातली, ते कोरे आहे की जुने वितळवून केलेले, हे त्यावरून कळत नाही. ग्लास-काट्याचे चिन्ह ही मात्र उत्पादकाने दिलेली ग्वाही असते की ही वस्तू अन्नाच्या संपर्कात ठेवण्याजोगी आहे. अन्नाच्या वेष्टनातल्या रसायनांचा अन्नात किती अंश उतरलेला चालतो, याची मर्यादाही भारतात २०१८ च्या नियमांनी घातलेली आहे: एक किलो अन्नामागे एकूण ६० मिलिग्रॅम.

विदर्भातील कापूस-सोयाबीनच्या गावांत हा फरक सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या कॅनबाबत. असे अनेक कॅन एचडीपीईचेच असतात, आणि दुधाचा किंवा तेलाचा कॅनही बहुधा एचडीपीईचाच असतो. दोघांच्याही बुडाशी तोच २. बरीच कीटकनाशके सेंद्रिय द्रावकात (पाण्याऐवजी वापरलेल्या रॉकेलसारख्या रासायनिक द्रवात) विरघळवलेली असतात, आणि असे द्रावक एचडीपीईच्या भिंतीत थोडेफार मुरते. त्यामुळे राख, साबण, गरम पाणी यांनी आतला वास गेला, तरी भिंतीत मुरलेले औषध पुढे त्यात भरलेल्या पाण्यात किंवा तेलात हळूहळू उतरू शकते. शिवाय विषाची तीव्रता लाल, पिवळ्या, निळ्या किंवा हिरव्या रंगाने सांगणारा चौकोन कागदी लेबलावर असला, तर तो धुताना निघून जातो आणि साच्यात उमटलेला २ तेवढा शिल्लक राहतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा मास्क आणि हातमोज्यांविषयी पुष्कळ बोलले गेले. घरातल्या रिकाम्या कॅनविषयीही तितकेच बोलायला हवे होते, असे मला वाटते. कॅन तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे आणि कॅनला भोके पाडून तो निकामी करावा. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे अशी वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरायची असतात.

ग्लास-काट्याच्या ग्वाहीलाही मर्यादा आहेत. ती डबा तयार झाला त्या वेळची असते. त्या डब्यात मधल्या काळात फिनाइल किंवा बियाण्याला लावायचे औषध ठेवले गेले असेल, तर चिन्ह तसेच राहते आणि ग्वाही संपते. उष्णता, तेल आणि आंबटपणा यांनी प्लास्टिकमधले अंश अधिक वेगाने बाहेर येतात, म्हणून चिन्ह असलेल्या डब्यातही उकळती आमटी ओतू नये. लोणच्याला चिनीमातीची किंवा काचेची बरणीच बरी. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात खोली किती तापते, हे अकोला-चंद्रपूरकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. पाण्याचा जार निदान सावलीत तरी असावा. कोरडी डाळ किंवा पोहे यांना त्यामानाने धोका कमी, तिथे चिन्ह असलेला ५ किंवा २ चा डबा पुरेसा आहे. ३ चा डबा मात्र खाण्याच्या वस्तूंना टाळलेला बरा, कारण पीव्हीसी मऊ करण्यासाठी त्यात मिसळलेले थॅलेट नावाचे रसायन तेलकट पदार्थात सहज उतरते.

टपरीवरून पातळ पन्नीत बांधून आणलेल्या गरम चहाला तर बहुतेक वेळा ना आकडा असतो ना चिन्ह. त्यासाठी घरून स्टीलची किटली न्यावी.