फ्रीजरमध्ये बर्फ, खाली कोमट: गॅस गेला की कॉइल गोठली?

उन्हाळ्यात डबल डोअर फ्रीजचा खालचा कप्पा गार होईनासा झाला की निदान ठरलेलं: "गॅस संपलाय." पाठीमागचं पॅनेलही न उघडता मेकॅनिक मान डोलावतो. खरं तर वर फ्रीजर बऱ्यापैकी गार आणि खाली कोमट, असं असेल तर पहिला संशय गॅसवर नाही, गोठलेल्या कॉइलवर, म्हणजे गारवा देणाऱ्या वेटोळ्या नळीवर घ्यायला हवा.

गॅस बंद नळीत फिरतो, वापरून कमी होत नाही. कमी झालाच तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरायचा म्हणजे पंक्चर न काढता हवा भरत राहायचं.

सिंगल डोअरबद्दल फार सांगायला नको. त्यात फ्रीजरमध्ये बर्फ धरणारच. अर्धा सेंटिमीटर झाला की बटण दाबून वितळवायचा. सुरी घालून खरवडायचा मात्र नाही. नळी फुटली की खर्च मोठा.

डबल डोअर फ्रॉस्ट फ्रीमध्ये बहुधा कॉइल एकच असते, फ्रीजरच्या आतल्या पाठच्या पॅनेलमागे. पंखा तिच्यावरून हवा ओढतो. थोडी हवा फ्रीजरमध्ये, थोडी खाली. कॉइलवर हवेतली वाफ गोठते, म्हणून ठरावीक तासांनी कॉम्प्रेसर थांबतो आणि हीटर तो थर वितळवतो. हेच डीफ्रॉस्ट. हीटर, थर्मल फ्यूज, सेन्सर किंवा टायमर यांपैकी एक गेला की थर वाढत जाऊन कॉइलच्या पातळ पत्र्यांमधल्या फटी बुजतात. फ्रीजर कॉइलला चिकटून असल्याने गार राहतो. खालच्या कप्प्याला मात्र हवाच पोचत नाही. दमट दिवसांत दार सारखं उघडलं जातं, त्यामुळे हे लवकर घडतं.

गॅस कमी असेल तेव्हा दोन्ही कप्पे ढिले पडत जातात. आइस्क्रीम मऊ होतं, बर्फ नीट जमत नाही. कॉम्प्रेसर थांबत नाही आणि तरीही फ्रीजच्या बाजू जेमतेम कोमट.

खात्री करायची तर प्लग काढून पॅनेल उघडा. पूर्ण कॉइल पांढऱ्या ढेकळात गाडलेली दिसली तर डीफ्रॉस्ट बिघडलंय. सुरुवातीच्या दोन-चार वळशांवरच बर्फ आणि पुढची नळी कोरडी असेल तर गॅस कमी. सगळीकडे सारखा पातळ थर म्हणजे ठीक.

पॅनेल उघडायचं नसेल तर फ्रीज रिकामा करून, प्लग काढून, दोन्ही दारं उघडी ठेवून 24 तास सोडा. खाली टॉवेल घाला, पाणी बरंच येतं. पुन्हा चालू केल्यावर काही दिवस उत्तम गारवा आणि मग तीच तक्रार, तर डीफ्रॉस्टचा बिघाड पक्का. गळती असेल तर बर्फ वितळवून काहीच फरक पडत नाही. आणि बर्फ नसूनही खाली हवा येत नसेल तर दार उघडून दाराचा स्विच बोटाने दाबा. कॉम्प्रेसर चालू असताना पंख्याचा आवाज आला नाही तर पंखा तपासा.

एक उपद्रव मात्र आपणच करतो. नॉबवाल्या पुष्कळ मॉडेलांत फ्रीजरचा नॉब हवेची वाटणी ठरवतो. उन्हाळा म्हणून तो शेवटपर्यंत फिरवला की खाली जाणारी हवाच कमी होते! तो मधे ठेवा, खालच्या कप्प्याचा नॉब वाढवा. मधल्या फळीवर पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर रात्रभर ठेवा. 4 अंशांच्या आसपास दिसला पाहिजे, फ्रीजरमध्ये उणे 18.

दोन्ही कप्पे दुपारीच ढिले, बाजू चटका बसेल इतक्या तापलेल्या, असं असेल तर उष्णता बाहेर पडत नाहीये, धूळ झाडा आणि फ्रीज भिंतीपासून सरकवा. गॅसचा विषय काढूच नका.

गळती खरोखरच निघाली तर नुसतं भरून घेऊ नका. आधी भोक बुजवायचं, फिल्टर बदलायचा, पंपाने नळीतली हवा काढून व्हॅक्यूम ओढायचा, मग वजनकाट्यावर मोजून फ्रीजवरच्या प्लेटवर लिहिलेले तेवढेच ग्रॅम घालायचे. गॅस आर 600ए प्रकारचा असेल तर तो पेट घेतो. गॅस भरलेल्या नळीजवळ डाग देण्याचा टॉर्च पेटवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.