लघुचित्रणाचे कुंचले

लघुचित्रे किंवा छोट्या प्रतिकृती रंगविण्यासाठी वापरले जाणारे अणकुचीदार टोकाचे कुंचले. भारतीय लघुचित्रकार खारीच्या शेपटीचे केस पक्ष्याच्या पिसाच्या पोकळ देठात बसवून कुंचले तयार करीत. आज ‘कोलिन्स्की सेबल’ हा प्रकार सामान्यतः श्रेष्ठ मानला जातो.

हे नाव दोन्ही अंगांनी दिशाभूल करणारे आहे. या कुंचल्यांचे केस सेबल या मऊ फरसाठी प्रसिद्ध असलेल्या प्राण्याचे नसून सायबेरियन वीझल (म्यूस्टेला सायबेरिका) या मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या मांसाहारी प्राण्याच्या शेपटीचे असतात. ‘कोलिन्स्की’ हे विशेषण रशियाच्या वायव्येकडील कोला द्वीपकल्पावरून आल्याचे काही कोश नोंदवितात. परंतु या प्राण्याचा आढळ मुख्यत्वे सायबेरिया, पूर्व आशिया व हिमालयाचा काही भाग येथे असल्याने ही व्युत्पत्ती भूगोलाशी जुळत नाही. रशियन भाषेत या प्राण्याला ‘कोलोनोक’ म्हणतात, हे ध्यानी घेता दोन शब्दांची सरमिसळ झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

या केसाचा मध्यभाग जाड व टोक निमुळते असते. त्यामुळे कुंचल्याच्या पोटात रंग साठतो आणि टोकाशी तो बेताने उतरतो. टोक नैसर्गिकच राखावे लागते. ते कातरल्यास केसाचा मूळ गुण जातो. म्हणूनच बारीक कामासाठी सर्वांत लहान कुंचला घ्यावा ही समजूत फसवी ठरते : त्यात रंग जेमतेम मावतो व कागदापर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाळू लागतो. उत्तम टोकाचा १ किंवा २ क्रमांकाचा कुंचला बहुतेक कामांना पुरतो. मात्र क्रमांकांचे प्रमाण उत्पादकागणिक बदलते. विन्सर अँड न्यूटन या ब्रिटिश कंपनीच्या ‘सिरीज ७’ या मालिकेचे नाव, कंपनीच्या सांगण्यानुसार, १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियाने तिच्या आवडीच्या ७ क्रमांकात कुंचले बनविण्याची आज्ञा दिली त्यावरून पडले.

नव्या कुंचल्याच्या केसांना डिंकाचा थर असतो. तो धुऊन, कुंचला ओला करून झटकल्यावर केस आपोआप एका टोकाशी जुळले, तर तो निवडावा.

निगेचा मुख्य नियम हा की, केस धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळीत रंग शिरू देऊ नये. विशेषतः अ‍ॅक्रिलिक रंग तेथे वाळल्यास केस फाकतात व टोक पूर्ववत होत नाही. कुंचला काम चालू असतानाच वारंवार, आणि शेवटी कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावा. गरम पाण्याने नळीतील सरस सैल होतो. टोक बोटांनी जुळवून कुंचला आडवा वाळवावा; केसांवर उभा ठेवू नये. दीर्घकाळ ठेवून द्यायचा झाल्यास कसरीपासून (लोकरीचे कपडे खाणाऱ्या किडीपासून) जपावे, कारण ती हे केसही खाते. रंग कालविणे व कोरड्या कुंचल्याने घासणे यांसाठी जुने वा कृत्रिम केसांचे कुंचले वापरावेत. कृत्रिम केसांचे टोक लवकर आकड्यासारखे वळते.

सायबेरियन वीझल भारताच्या विनंतीवरून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या करारातील तिसऱ्या परिशिष्टात समाविष्ट असल्याने या कुंचल्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला कागदपत्रांची आवश्यकता भासते.