मानेआधी डोळे वळतात

समोर बसलेल्या कुणाला तरी बाजूच्या एखाद्या वस्तूकडे पाहायला सांगा आणि त्याचा चेहरा नीट न्याहाळा. आधी बुबुळं सरकतात, एका झटक्यात. बहुतेक वेळा त्याच क्षणी पापणी लवते. मान त्यानंतर निघते. मान वळत असताना नजर मात्र वस्तूवर खिळलेली राहते, म्हणजे खोबणीत डोळे आता उलट दिशेनं फिरत असतात. वस्तू बरीच बाजूला असेल तर खांदाही मागोमाग थोडा वळतो. हे सगळं सेकंदाभरात उरकतं आणि आपल्या ध्यानातही येत नाही.

थीम पार्कमधल्या यांत्रिक पुतळ्याकडून एवढंच करून घ्यायचं तर डोळे, पापण्या, मान आणि खांदे यांना वेगवेगळ्या मोटरी लागतात. त्या बसवता येतात. खरी मेहनत पुढे आहे: कोणती मोटर केव्हा निघेल, किती वेगानं जाईल आणि थांबेल कशी.

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 1963 साली टिकी रूम हा यांत्रिक पक्ष्यांचा खेळ सुरू झाला, तेव्हा तिथल्या गाणाऱ्या पक्ष्यांचं काम सोपं होतं. टेपवर गाण्यासोबत ठरावीक सूर नोंदवलेले असत. सूर आला की धातूची एक पट्टी थरथरे, विद्युतमंडल जुळे, हवेची झडप उघडे आणि चोचही उघडे. चोच उघडी तरी असायची, नाहीतर मिटलेली. पक्ष्याला ते शोभतं. पण पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अब्राहम लिंकनचा पुतळा खुर्चीतून उठून भाषण करू लागला, आणि तिथे ‘उघड-मीट’ पुरेशी नव्हती. हात अर्धा उचलायचा, मध्येच संथ करायचा, तर तेलाच्या दाबाची झडपही कमी-जास्त उघडावी लागते. त्याच प्रदर्शनातल्या दुसऱ्या एका खेळासाठी वॅथेल रॉजर्स या तंत्रज्ञानं स्वतःच्या अंगावर एक सांगाडा चढवला. तो हलला की सांध्यांवरच्या उपकरणांमधला विद्युतदाब बदले आणि तो बदल नोंदवून पुतळ्याला दिला जाई. माणसाच्या अंगातली लय थेट यंत्रात ओतण्याची ही युक्ती मला आजही विलक्षण वाटते.

ही लय म्हणजे नेमकं काय, याचं एक सुंदर उत्तर तामार फ्लॅश आणि नेव्हिल होगन या संशोधकांनी 1985 मध्ये दिलं. टेबलावरच्या पेल्याकडे हात नेताना त्याचा वेग हळूहळू वाढतो, मध्यावर सर्वांत जास्त होतो आणि तसाच हळूहळू उतरतो. आलेख घंटेच्या आकाराचा येतो. हात जणू कमीत कमी हिसक्यांची वाट निवडतो. हिसका म्हणजे त्वरणातला बदल. ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबते त्या क्षणी अंगाला जो धक्का बसतो, तो हाच. मोटरला नुसतं ‘इथून तिथे जा’ म्हटलं तर ती एकदम पूर्ण वेगानं निघते आणि एकदम थांबते, आणि पाहणाऱ्याला लगेच यंत्र दिसतं.

थांबण्यात आणखी एक अडचण आहे. पुतळ्याचा हात लांब असतो, आत धातूचा सांगाडा, वर रबरासारखी जड त्वचा. तो झटकन थांबवला की टोक डोलत राहतं. पाण्याची भरलेली बादली हातात लोंबत असताना आपण अचानक थांबलो तर बादली पुढे झुलते. पण नेमक्या वेळी अर्धं पाऊल पुढे टाकलं तर ती शांत होते. नियंत्रणाच्या गणितात हेच करतात: एक धक्का, आणि झोक्याच्या अर्ध्या आवर्तनानंतर दुसरा, मापून दिलेला. पहिल्यानं उठलेलं डोलणं दुसऱ्यानं मिटतं. हे साधलं की पुतळ्याला जोरात हातवारे करता येतात. नाहीतर डोलणं टाळण्यासाठी त्याला कायम सावकाश हलवावं लागतं आणि तो आजारी माणसासारखा दिसतो.

त्वचा, केस, सुरकुत्या यांवर अपार कष्ट घेतले जातात. तरी जिवंतपणाचा मोठा वाटा वेळेच्या मेळात आहे, असं मी ठामपणे म्हणेन. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी 1973 मध्ये माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा ठिपके चमकवले आणि बाकी सगळा अंधार ठेवला. माणूस स्थिर असताना ते निव्वळ ठिपके होते. तो चालू लागताच पाहणाऱ्यांना माणूस दिसला. चेहरा नाही, कपडे नाहीत, फक्त सांध्यांच्या हालचालींचं एकमेकांशी असलेलं नातं. सगळे सांधे एकाच क्षणी सुरू होऊन एकाच क्षणी थांबले तर हे नातंच तुटतं. म्हणून पुतळा हलवणारे कलाकार मनगट कोपराच्या किंचित मागे ठेवतात आणि बोटं मनगटाच्या मागे.

डिस्नेच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलेलं डोकं तर त्वचेविनाच होतं. दात आणि डोळ्यांचे गोळे उघडे, मागे तारा. पण ते श्वास घेतं, पापण्या मिटतं, समोर आलेल्याकडे आधी डोळ्यांनी आणि मग मानेनं पाहतं. समोरच्याच्या चेहऱ्यावर त्याची नजर बारीक बारीक सरकत राहते, जशी आपली सरकते. त्याच्याकडे पाहताना अंगावर काटा येतो, कारण ते आपल्याला पाहतंय याबद्दल मनाला शंकाच उरत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या नशातेल शहरात अठराव्या शतकातली एक यांत्रिक बाहुली आहे. जाके-द्रो घड्याळजींनी घडवलेली ही वादक मुलगी स्वतःच्या बोटांनी पट्ट्या दाबून ऑर्गन वाजवते. मोटर नाही, वीज नाही, फक्त दातेरी चाकं आणि खाचखळग्यांच्या तबकड्या. सूर काढायला तिला श्वास घेण्याची गरज नाही. तरीही वाजवताना तिची छाती वर-खाली होते आणि डोळे बोटांच्या मागे फिरतात.